तहानेनं राखलेलं रान

बोरिवली, ठाणे, मुलुंड आणि गोरेगाव यांच्या मधोमध जे शंभरेक चौरस किलोमीटर जंगल आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून उभं आहे, ते कुणा दूरदर्शी राज्यकर्त्यानं वन्यप्राण्यांसाठी राखलेलं नाही. ते राखलं मुंबईच्या तहानेनं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बेटावरच्या विहिरी आणि तळी वाढत्या वस्तीला पुरेनाशी झाली. पावसानं ओढ दिली की उन्हाळ्यात तळ्यांचा गाळ दिसू लागे. तेव्हा हेन्री कॉनीबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार उत्तरेकडच्या साष्टी बेटावरच्या डोंगरांत मिठी नदीला बांध घालायचं ठरलं. १८५६ मध्ये विहार तलावाचं काम सुरू झालं आणि १८६० मध्ये त्याचं पाणी नळांतून शहरात पोचलं. तेही पुरेना, म्हणून त्याच डोंगरांत आणखी वर तासो नदी अडवून १८७९ पर्यंत तुळशी तलाव बांधला गेला.

पिण्याचं पाणी स्वच्छ हवं, तर ज्या उतारांवरून ते वाहत येतं तेही स्वच्छ हवेत. तिथं गुरांचे गोठे नकोत, शेतं नकोत, माणसांची दाटी नको. त्या काळच्या कारभाऱ्यांनी पाणलोट क्षेत्र राखलं ते एवढ्याच व्यावहारिक कारणानं. सांबर, भेकर, बिबट्या यांचा विचार त्यात कुठंही नव्हता. पण माणूस हटला आणि साग, ऐन, कळंब, करवंदाच्या जाळ्या आपापल्या जागी राहिल्या. पुढच्या दीडशे वर्षांत मुंबईची बाकीची बहुतेक हिरवळ गिरण्यांनी, चाळींनी, कारखान्यांनी आणि टॉवरांनी गिळली. हे दोन तलाव आणि त्यांच्या भोवतीचे डोंगर तेवढे उरले. शहराला जोवर एखाद्या जमिनीची गरज जंगल म्हणूनच असते, तोवर ते जंगल राहतं, हे या रानाच्या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं. गरज बदलली की काय होतं, तेही दिसतं.

या डोंगरांवर माणसाचा वावर काही नवा नव्हता. कान्हेरीच्या काळ्या खडकात शंभराहून अधिक लेणी खोदलेली आहेत. इसवी सनाच्या आरंभापासून जवळजवळ हजार वर्षं तिथं बौद्ध भिक्षू राहत होते. कल्याण आणि सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी दिलेल्या दानांचे लेख तिथल्या भिंतींवर आहेत, आणि लेण्यांच्या दाराशी पावसाचं पाणी साठवायच्या पोढी आहेत. पुढं पोर्तुगीज आले, १७३७-३९ च्या वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी साष्टी मराठ्यांकडे आणली, १७७४ मध्ये ती इंग्रजांनी घेतली. राज्यं बदलत राहिली आणि डोंगरातले वारली, महादेव कोळी, कातकरी आपल्या पाड्यांवर नाचणी-वरी पेरत राहिले. त्या काळी वाघही या परिसराला परका नव्हता. १८२० च्या दशकात मलबार हिलवरून उतरलेला एक वाघ गवालिया तलावावर पाणी पिऊन गेल्याची हकिगत मुंबईच्या जुन्या इतिहासकारांनी नोंदवली आहे. आज तिथं ऑगस्ट क्रांती मैदान आहे. शंभर वर्षांनी, १९२९ मध्ये, विहार तलावाच्या परिसरात एक पट्टेरी वाघ गोळीला बळी पडला. त्यानंतर साष्टीच्या रानात वाघाचं राज्य राहिलं नाही. वाघाला लागतं तेवढं मोठं सलग जंगल आणि तेवढी मोठी शिकार इथं उरलीच नव्हती.

वाघ गेला, बिबट्या राहिला. बिबट्याचं शरीर आणि स्वभाव दोन्ही थोडक्यात भागवणारे आहेत. सांबर मिळालं तर सांबर, नाही तर भेकर, रानडुक्कर, माकड, ससा, घूस, आणि गावाकडं सरकला तर शेळी, कोंबडी, कुत्रा. दिवसा करवंदाच्या जाळीत किंवा कपारीत गप्प पडून राहायचं आणि माणसं दारं लावून घेतल्यावर हिंडायचं. माणसाच्या इतक्या जवळ राहूनही त्याची नजर चुकवणं हेच त्याच्या जगण्याचं मुख्य तंत्र आहे.

पाड्यांवरच्या वारल्यांना हे अभ्यासकांच्या कितीतरी आधी माहीत होतं. गोरेगावजवळच्या आरेतल्या, उद्यानातल्या आणि ठाणे-पालघरकडच्या पाड्यांवर वाघोबाची ठाणी आहेत. कुठं शेंदूर फासलेला दगड, कुठं लाकडावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला तिथं नारळ फुटतो, कोंबडं दिलं जातं. वाघोबाच्या कथा पाड्यागणिक वेगळ्या असल्या तरी त्यांच्या मुळाशी एक करार आहे: आम्ही तुझा मान ठेवू, वर्षातून एकदा तुझं तुला देऊ, तू आमच्या माणसांना आणि गुरांना सांभाळ. यात भाबडेपणा शोधणाऱ्यांनी थोडं थांबून पाहावं. बिबट्या आपल्या आसपास असणारच, हे या श्रद्धेनं आधीच मान्य केलेलं आहे. संध्याकाळनंतर लहान मुलाला एकटं बाहेर सोडू नये, अंधारात जाताना बोलत-गात जावं, शेळ्या आत बांधाव्यात, हे नियम त्या मान्यतेतूनच येतात. शहराला हे मान्य करायला एकविसावं शतक उजाडावं लागलं, आणि त्याआधी फार मोठी किंमत मोजावी लागली.

स्वातंत्र्याच्या सुमारास या रानाला पहिल्यांदा कायद्याचं कुंपण मिळालं. कृष्णगिरी राष्ट्रीय उद्यान म्हणून राखलेला पहिला तुकडा जेमतेम वीस चौरस किलोमीटरचा होता. १९६९ मध्ये आजूबाजूची राखीव वनं आणि तलावांचा परिसर जोडून तो वाढवला गेला. आधी कृष्णगिरी, मग बोरिवली, आणि १९८० च्या दशकापासून संजय गांधी, अशी नावं बदलत आजचं सुमारे १०३ चौरस किलोमीटरचं उद्यान तयार झालं.

याच काळात दक्षिणेकडच्या उतारावर दुसरी गोष्ट घडत होती. मुंबईतले म्हशींचे तबेले दाट वस्तीतून बाहेर काढायला हवे होते. दूधपुरवठ्याचे अधिकारी दारा खुरोडी यांच्या पुढाकारानं १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहतीचं काम सुरू झालं आणि १९५१ मध्ये पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. खुरोडींना पुढं १९६३ मध्ये वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तीन हजार एकरांहून मोठ्या त्या जमिनीवर तबेले आले, गवताची कुरणं आली, झाडं लावली गेली. पाड्यांवरच्या आदिवासींचे पाय मात्र त्या दिवसापासून सरकारी जमिनीवर आले. आरे हे उद्यानाच्या हद्दीबाहेर राहिलं, पण दोन्हींमध्ये भिंत नव्हती, आणि बिबट्यानं कागदावरची हद्द कधी पाहिलेली नाही. मेलेली वासरं, तबेल्यांच्या कडेला फिरणारी कुत्री आणि उंच गवत, त्याला हवं ते सगळं आरेत होतं.

मग आरेचे लचके निघायला लागले. १९७७ मध्ये चित्रनगरी झाली. राज्य राखीव पोलीस दलाला जागा मिळाली. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर उभारलेल्या फोर्स वन दलाला जागा मिळाली. प्रत्येक वेळी कारण समजण्याजोगं होतं आणि प्रत्येक वेळी जागा ‘रिकामी’ होती. मोकळ्या गवताळ जमिनीला रिकामी म्हणायची ही सवय आपल्या नगररचनेत इतकी खोल रुजली आहे, की त्या गवतात भेकर पिल्लू घालतं हे सांगणारा माणूस विकासाचा शत्रू ठरतो.

१९७० ते १९९० या वर्षांत मुंबई उत्तरेकडे धावली. मालाड, कांदिवली, मुलुंड, ठाणे या बाजूंनी झोपड्या उद्यानाच्या आत शिरल्या. शहराला कामगार हवे होते, पण त्यांच्या डोक्यावर छप्पर द्यायची तयारी नव्हती. तेव्हा ज्या जमिनीला राखणदार कमी तिथं माणसं शिरणारच. १९९५ मध्ये बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपनं मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. मे १९९७ मध्ये न्यायालयानं अतिक्रमणं हटवायचा आदेश दिला. १९९५ पूर्वीच्या रहिवाशांना सात हजार रुपये भरून पर्यायी घर मिळायचं होतं. पुढच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, काहींना चांदिवलीला घरं मिळाली, अनेकांना काहीच मिळालं नाही. पिढ्यान् पिढ्या डोंगरात राहणाऱ्या आदिवासींनाही अतिक्रमण करणाऱ्यांच्या यादीत जाऊन बसावं लागलं, ही त्या मोहिमेतली मोठी चूक होती. उद्यान वाचलं हे खरं आहे. त्याची किंमत सर्वांत गरीब माणसांनी भरली हेही तितकंच खरं आहे, आणि या रानाबद्दल प्रेमानं लिहिणाऱ्यानं ते झाकून ठेवू नये. त्याच काळात उद्यानाच्या भिंतीला टेकून उंच इमारती उठल्या आणि ‘जंगलाचं दृश्य’ म्हणून जास्त दरानं विकल्या गेल्या.

मग २००२ उजाडलं. उद्यानाच्या कडेनं बिबट्याचे हल्ले वाढत गेले. २००४ चा जून महिना सर्वांत भीषण ठरला. त्या एका महिन्यात नऊ-दहा माणसं दगावली. बळींमध्ये लहान मुलं पुष्कळ होती. शौचालयं नसलेल्या वस्त्यांतून अंधारात रानाच्या कडेला बसलेली माणसं होती. उकिडवा बसलेला माणूस किंवा चार वर्षांचं मूल बिबट्याच्या नजरेला माणूस म्हणून दिसत नाही. आईच्या डोळ्यांसमोरून मूल उचललं गेलेल्या वस्तीत रात्री कुणाला झोप लागली नसेल, आणि लोकांचा संताप रास्त होता. वर्तमानपत्रांतून ‘नरभक्षक’ हा शब्द रोज छापून येऊ लागला. वनखात्यानं पिंजऱ्यांमागून पिंजरे लावले, बिबटे धरले. जंगलात खायला कमी पडतं म्हणून हे बाहेर येतात, असं धरून रानात डुकरं आणि ससे सोडायचा उपायही निघाला.

खरं कारण काय होतं, याचा उलगडा मुंबईत झाला नाही, तो जुन्नरमध्ये झाला. पुणे जिल्ह्याच्या त्या तालुक्यात धरणांचं पाणी आलं, ऊस उभा राहिला, आणि उसात बिबट्यांनी घर केलं. तिथं २००१ च्या सुमारास सरकारी यंत्रणेनं मोठ्या प्रमाणावर बिबटे धरून सरासरी चाळीसेक किलोमीटरवरच्या जंगलांत सोडायला सुरुवात केली. हेतू चांगलाच होता: माणसं वाचतील आणि प्राणीही वाचेल. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर आकडे मांडले तेव्हा उलटंच चित्र समोर आलं. मोहिमेआधी जुन्नर परिसरात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. मोहीम सुरू झाल्यावर ती सरासरी सतरावर गेली. हल्ल्यांत मरण पावणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं.

असं का झालं असावं, ते समजून घेण्यासारखं आहे. प्रौढ बिबट्याला आपला मुलूख पाठ असतो: कुठं पाणी, कुठं कुत्री, कुठल्या वाटेनं माणसं किती वाजता जातात, कुठून निसटायचं. त्याला पिंजऱ्यात धरलं, की तो सळयांवर दात मोडून घेतो, पंजे फाडून घेतो. मग गर्दीचा कल्लोळ, गाडीचा प्रवास, आणि शेवटी दुसऱ्या कुणा बिबट्याच्या मुलखात सुटका. तिथला मालक त्याला टिकू देत नाही, आणि त्याला स्वतःच्या घराकडे परतायची ओढ असते. अनोळखी वस्त्यांतून, जखमी आणि बिथरलेला, तो वाट काढत निघतो. इकडं त्याची रिकामी झालेली जागा धरायला तरणे, अननुभवी नर येतात. म्हणजे एका शहाण्या प्राण्याला हलवून आपण दोन ठिकाणी गोंधळ माजवतो. मुंबईच्या उद्यानातही इथं-तिथं धरलेले बिबटे सोडले जात होते, त्यात बाहेरून आणलेलेही होते, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. ही धरपकड आणि सोडणं कमी झालं, तसे मुंबईतले हल्लेही उतरले.

वाघोबाशी केलेल्या करारात बिबट्याला त्याच्या जागेवर राहू द्यायचं होतं. विज्ञान इतक्या जिवांच्या मोलानं तिथंच येऊन पोचलं.

बिबट्या माणसांच्या वस्तीतून कसा आपली वाट काढतो, ते २००९ मध्ये एका नरानं दाखवून दिलं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वर गावात तो विहिरीत पडला. बाहेर काढल्यावर त्याच्या शांत, वयस्क वागण्यावरून त्याला ‘आजोबा’ नाव मिळालं. अत्रेय यांच्या चमूनं त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बांधला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. पुढं महिनाभर तो चालत राहिला. कसाऱ्याच्या बाजूनं महामार्ग आणि लोहमार्ग ओलांडले, गावांच्या कडेकडेनं रात्री प्रवास केला, वसईची खाडी पोहून पार केली, आणि सुमारे १२० किलोमीटरचं अंतर तोडून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात दाखल झाला. वाटेत त्यानं एकाही माणसाला ओरखडा काढल्याची नोंद नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. अंगातल्या चिपवरून ओळख पटली. २०१४ मध्ये सुजय डहाके यांनी त्याच्यावर चित्रपट केला, म्हणून त्याचं नाव घराघरांत गेलं. पण त्याच्या प्रवासातली मुख्य बाब मागे राहू नये: बोरिवलीचं जंगल हे सगळ्या बाजूंनी तुटलेलं बेट नाही. उत्तरेला खाडीपलीकडं नागला, त्यापुढं तुंगारेश्वर, आणि तिथून सह्याद्रीकडं जाणारी एक बारीक, जागोजाग फाटलेली वाट अजून आहे. आजोबा त्या वाटेनं आला आणि त्याच पट्ट्यातल्या रस्त्यावर मेला.

२०११ मध्ये उद्यानाचे तेव्हाचे प्रमुख सुनील लिमये यांच्या पुढाकारानं ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे संजय गांधी नॅशनल पार्क) हा उपक्रम सुरू झाला. वनखातं, अभ्यासक आणि सामान्य नागरिक एकत्र आले. बिबट्या दिसला की पिंजरा लावा, ही मागणी चूक का आहे, ते पोलिसांना, पत्रकारांना, सोसायट्यांना आणि पाड्यांना समजावून सांगायचं काम त्यांनी घेतलं. कचरा साठला की कुत्री येतात, कुत्री आली की बिबट्या येतो, ही साखळी लोकांपर्यंत पोचली. महापालिकेला कचरा उचलायला आणि शौचालयं, दिवे द्यायला सांगणं हे बिबट्याच्या प्रश्नावरचं उत्तर असू शकतं, हा विचार तेव्हा नवा होता. माझ्या मते मुंबईच्या अलीकडच्या नागरी इतिहासातल्या सर्वांत शहाण्या कामांपैकी हे एक आहे आणि त्याचं पुरेसं कौतुक झालेलं नाही.

त्याच काळात झाडांच्या खोडांना कॅमेरे लागले. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची रचना दोन प्राण्यांत सारखी नसते, त्यावरून एकेक ओळखता येतो. अभ्यासक निकित सुर्वे यांच्या २०१५ च्या अभ्यासात उद्यान आणि भोवतालच्या भागात ३५ बिबटे नोंदले गेले. २०१८ मध्ये ४७, आणि २०२४ च्या मोजणीत तुंगारेश्वर आणि आरे धरून ५४. इतक्या दाटीनं बिबटे जगात फार थोड्या ठिकाणी राहतात, आणि इतक्या मोठ्या शहराला चिकटून तर जवळपास कुठंच नाही. त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा मोठा निघाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधानं अंदाज बांधला, की हे बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्री खातात आणि त्यामुळे कुत्रे चावण्याच्या साधारण हजार घटना टळतात. अंदाज हा अंदाजच असतो, पण दिशा पटण्यासारखी आहे.

हल्ले संपले मात्र नाहीत. २०२१ च्या सप्टेंबरात आरेमध्ये काही आठवड्यांत अनेकांवर हल्ले झाले. एका वृद्ध महिलेनं हातातल्या काठीनं बिबट्याला परतवलं, ते चित्रण साऱ्या देशानं पाहिलं. पुढच्या वर्षी ऐन दिवाळीत आरेतच दीड वर्षाच्या मुलीचा जीव गेला. सहजीवन हा शब्द वातानुकूलित सभागृहात बोलायला सोपा आहे. पाड्यावर, जिथं अंगणात दिवा नाही आणि कचऱ्याची गाडी येत नाही, तिथं त्याचा सगळा भार आईबापांवर पडतो. बिबट्या वाचवा म्हणणाऱ्यानं आधी पाड्यावर दिवा लावायची मागणी केली पाहिजे.

तोवर आरेत वेगळीच लढाई पेटली होती. मेट्रो ३ च्या कारशेडसाठी आरेतली सुमारे तीस हेक्टर जागा निवडली गेली, आणि २०१४ पासून नागरिक आणि आदिवासी तिला विरोध करत होते. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयानं याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. जमावबंदी लागली, विरोध करणाऱ्या २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर २,१४१ झाडं आडवी झाली होती. २०२० मध्ये सरकारनं कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरवलं आणि आरेतली सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन म्हणून घोषित केली. २०२२ मध्ये सरकार बदललं आणि कारशेड आरेत परतली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल ही गाडी सुरू झाली, वर्षभरात ती कफ परेडपर्यंत गेली. लाखो प्रवाशांची सोय झाली, त्यांचा घाम आणि वेळ वाचला, हे नाकारायचं कारण नाही. पण त्या वादानं एक गोष्ट उघड केली. आरे हे जंगल आहे की नाही, यावर न्यायालयात वर्षानुवर्षं कीस पाडला गेला, आणि तिथं फिरणाऱ्या बिबट्यांची छायाचित्रं नावानिशी उपलब्ध होती.

बिबट्याचं नाव होतं, त्याच्यासाठी आवाज उठतो. बाकीच्यांचं काय? कान्हेरीच्या गुहांतली वटवाघळं, उंबराखाली येणारी पिसोरी, साळिंदर, उदमांजर, आणि जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक असलेली वाघाटी, ही सगळी याच रानात राहतात. तरस तर इथून दिसेनासं झालं, पण त्यासाठी मोर्चा निघाला नाही. शहराच्या दुसऱ्या कडेला, विक्रोळी, कांजूर, चारकोपच्या खारफुटीत कोल्हे आहेत. रेल्वेतून रोज जाणाऱ्या बहुतेकांना ते माहीतही नाही. खारफुटीच्या कडेला भराव पडतो, कचऱ्यावर कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांकडून आजार कोल्ह्यांकडे जातात. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या कोल्ह्यांत रेबीज आढळला तेव्हा कुठं ते बातमीत आले.

आता धोका वेगळ्या रूपात येतो आहे. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारनं उद्यानाभोवती सुमारे ६० चौरस किलोमीटरचा पर्यावरण-संवेदनशील पट्टा जाहीर केला. काही ठिकाणी तो चार किलोमीटर रुंद आहे, काही ठिकाणी फक्त शंभर मीटर. जुलै २०२४ मध्ये उद्यानाच्या खालून जाणाऱ्या दोन जोडबोगद्यांच्या कामांना पंतप्रधानांच्या हस्ते सुरुवात झाली: एक गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचा, सुमारे पावणेपाच किलोमीटरचा, आणि दुसरा ठाणे-बोरिवलीचा, जोडरस्ते धरून बारा किलोमीटरच्या घरात. जमिनीखालून गेल्यानं वरचं रान बचावतं, हे पुलांपेक्षा नक्कीच बरं. पण बोगद्याला तोंडं असतात. तिथं झाडं तुटतात, माती निघते, दिवस-रात्र डंपर चालतात, आणि पुढं त्या तोंडांभोवती वस्ती वाढते.

माझी खरी काळजी उत्तरेची आहे. उद्यानातून बाहेर पडायची एकच जिवंत दिशा उरली आहे. त्या वाटेवर आधी घोडबंदर रस्ता आडवा येतो, मग खाडी, मग नागला, मग चिंचोटी-भिवंडी रस्ता आणि वसई-दिवा लोहमार्ग, मग तुंगारेश्वर. बाजूनं अहमदाबाद महामार्ग. प्रत्येक रस्ता रुंद होतो आहे आणि प्रत्येकाच्या कडेला गृहसंकुलं आणि गोदामं उठत आहेत. ही वाट तुटली तर आत असलेले बिबटे आतच राहतील. तरण्या नरांना जायला जागा नसेल, ते भांडणात मरतील किंवा शहरात घुसतील, आणि काही पिढ्यांत नात्यातल्या नात्यात वीण होऊन वंश कमजोर होईल. साष्टीतल्या वाघाच्या बाबतीत जे घडलं, त्याला कित्येक दशकं लागली. आजच्या वेगानं तेवढीही लागणार नाहीत.

यावर उपाय आहेत. रस्ता रुंद करतानाच प्राण्यांना खालून जाता येईल असे मोकळे, कोरडे मार्ग ठेवायचे, त्यांच्या दोन्ही तोंडांशी बांधकाम होऊ द्यायचं नाही, आणि रात्री वेगमर्यादा पाळायला लावायची. मध्य भारतात पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या नागपूर-सिवनी महामार्गाखाली असे मार्ग बांधले गेले आहेत आणि त्यांखालून वाघ जातात, हे कॅमेऱ्यांत दिसलं आहे. नागपूरकडं जे होऊ शकतं ते ठाण्यात का होऊ नये? मुंबई, ठाणे, वसई भागातल्या वाचकांना एक विनंती आहे. घोडबंदर आणि चिंचोटी पट्ट्यातल्या रस्त्यांच्या आणि विकास आराखड्यांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात तेव्हा मुदतीत एक पत्र पाठवा, आणि त्यात रस्त्याखालून प्राण्यांच्या वाटेची मागणी लेखी नोंदवा. ती नोंद नसली, तर तिथं प्राण्यांची वाट आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं, असं उद्या सरकार न्यायालयात सांगेल.